श्यामकाकांच्या विमानाचं मागचं चाक

श्यामकांत उजगरे यांनी निवृत्तीनंतर विमान बांधलं, हे आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बांधून झाल्यावर ते कित्येक वर्षं जमिनीवरच फिरत होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

श्यामकाका म्हणजे माझ्या सुनीतीमावशीचे यजमान. मूळचे नगरचे, पण नोकरी सगळी दिल्लीत. सरकारी इमारतींमधल्या लिफ्ट चालू ठेवणं हे त्यांचं काम. आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून बाहेर पडल्यावर त्यांनी गुडगावला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि त्याच वर्षी परदेशातून विमानाचा किट मागवला.

"हे कशासाठी?" मावशीने विचारलं.

"वेळ जाईल."

मावशी शाळेत भूगोल शिकवायची. एवढं उत्तर तिला पुरलं.

गुडगावच्या पलीकडे चौधरी नावाच्या एका जमीनदाराच्या शेतात गवताची धावपट्टी होती. त्याच्या जावयाने विमानातून पिकांवर फवारणी करायचा धंदा काढला होता. जावई नंतर कॅनडाला गेला आणि पट्टी राहिली. तिथल्या शेडमध्ये काकांनी दोन हिवाळे लावून विमान जोडलं. दोन माणसांचं, एकामागे एक बसायचं. पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटाखाली एक लहान. उभं असलं की नाक वर आणि शेपूट खाली, म्हणजे पाहणाऱ्याला वाटायचं आता उडणार.

उडायला परवानगी हवी होती. दिल्ली जवळ असल्यामुळे इथल्या आकाशात कोण जाणार याचा विचार बऱ्याच जणांना करावा लागतो, आणि ते तो सावकाश करत होते. काकांना त्याचा राग नव्हता. त्यांनीही आयुष्यभर फायली सावकाशच पुढे सरकवल्या होत्या. जमिनीवर चालवायला कुणाला विचारावं लागत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे दर शनिवारी ते मावशीला मागच्या सीटवर बसवून पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेत आणि परत आणत. रविवारी चर्च असायचं, म्हणून शनिवार.

मावशीला ही फेरी आवडायची. इंजिनच्या आवाजात कुणी बोलत नाही, आणि वारा चांगला लागतो, असं ती म्हणायची.

काका शिस्तीचे. शेपूट जमिनीवरून उचललं जाईल इतका वेग त्यांनी कधी येऊ दिला नाही. त्यामुळे असं झालं की पंखांचं वय वाढेना आणि शेपटाखालचं चाक मात्र म्हातारं होऊ लागलं. उडणाऱ्या विमानाला ते चाक निघताना आणि उतरताना घटकाभर लागतं. काकांच्या विमानाला ते सतत लागायचं. पट्टीवर उंदरांची बिळं होती, ट्रॅक्टरचे चर होते. चाक लहान, भरीव रबराचं, आणि ट्रकला असतात तशा पण बारीक पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेलं. वर्षभरात ते थरथरायला लागलं. आधी थोडं, मग असं की सगळं शेपूट डावी-उजवीकडे झटके द्यायचं. एका शनिवारी त्या थरथरीत मावशीच्या दाढेची कॅप निघाली.

ती रुमालात गुंडाळून मावशी खाली उतरली आणि म्हणाली, "श्याम, या चाकाचं काही कर. नाहीतर मी यायची नाही."

काकांनी आणखी एक पाटी बसवली. त्याने स्प्रिंग इतकी कडक झाली की थरथर होती तशीच राहिली आणि ती शेपटाला जिथे जोडली होती तिथल्या लोखंडी पट्टीला तडा गेला. काकांनी ती लोखंडी पट्टी बदलली, जादा पाटी काढली आणि विचार करत बसले.

पुढचं एका मॉलमध्ये घडलं. मी त्या दिवशी बरोबर होतो. मावशीने सामानाची ट्रॉली घेतली आणि दहा पावलांवर तिचं एक चाक फडफडायला लागलं. काका थांबले. मग ते फरशीवर गुडघे टेकून बसले आणि मावशीला म्हणाले, "ढकल. हळू." मावशीने ढकलली. काका रांगत चाकाबरोबर गेले.

गार्ड आला. "सर, कुछ गिर गया क्या?"

"नहीं. पहिया देख रहे हैं."

"ये खराब है सर. दूसरी ले लीजिए."

"नहीं, हमें खराब ही चाहिए."

गार्डने मावशीकडे पाहिलं. मावशीने मान हलवली. गार्ड बाजूला जाऊन उभा राहिला.

घरी जाताना काकांनी मला समजावलं. चाक ज्या खुंटाभोवती फिरतं तो खुंट वरच्या बाजूने किंचित मागे रेललेला हवा. ट्रॉलीचा पुढे झुकला होता. विमानाच्याही पाट्या वर्षभरात बसल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर खुंट पुढे आला होता. "म्हातारा माणूस पुढे वाकला की जसा लटपटतो, तसं," काका म्हणाले. तेव्हा ते पासष्टचे होते, पण स्वतःबद्दल बोलत नव्हते.

त्यांनी पाट्यांखाली पाचरीसारखा पोलादी तुकडा घातला. खुंट मागे रेलला आणि थरथर थांबली. आदळणं राहिलं. मग मायापुरीच्या भंगार बाजारातून त्यांनी स्कूटरचा शॉक ॲब्सॉर्बर आणला. पाट्या काढून टाकल्या, बिजागरीवर हलणारा एक दांडा बसवला, त्यावर शॉक ॲब्सॉर्बर आणि खाली हवा भरायचं मोठं चाक. शेपूट जड झालं, म्हणून तोल सांभाळायला बॅटरी मागून काढून इंजिनजवळ नेली. पुढच्या शनिवारी मावशीने जाता जाता चहा प्यायला आणि सांडला नाही.

अडचण वेगळीच निघाली. विमानात बदल केला की तो कागदावर दाखवावा लागे, आणि कागद बदलला की फाइल पुन्हा पहिल्या टेबलावरून निघे. म्हणजे चाक सुधारलं की परवानगी लांबायची, आणि परवानगी लांबली की पट्टीवर फिरून चाकात नवं काहीतरी निघायचं. शॉक ॲब्सॉर्बरची स्प्रिंग मऊ केली तेव्हा एकदा, बेअरिंग बदललं तेव्हा पुन्हा एकदा. हे चक्र काकांच्या लक्षात आलं नसेल असं नाही. त्यांना त्यातून बाहेर पडायची घाई नव्हती.

ती मावशीला झाली. आपल्या सत्तरीच्या केकवरच्या मेणबत्त्या विझवल्यावर काका म्हणाले, "तो दांडा ॲल्युमिनियमचा केला तर वजन बरंच कमी होईल."

"नाही," मावशी म्हणाली.

"अगं, फक्त दांडा."

"आता चाकाला हात लावायचा नाही. पुसायचं, ग्रीस लावायचं, बोल्ट बघायचे. बस. मला एकदा वर जाऊन यायचंय."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली होती. काका बराच वेळ केक खात राहिले.

त्यांनी शब्द पाळला. दर शनिवारी शेपूट स्टुलावर टेकवायचं, दांड्याला कुठे केसासारखी भेग आहे का ते भिंगातून बघायचं, जुनं ग्रीस पुसून नवं भरायचं, सुकाणूपासून चाकाकडे येणाऱ्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या सारख्या ताणलेल्या आहेत का ते बोटाने दाबून पाहायचं. ॲल्युमिनियमचा विषय निघाला नाही. आणि बदल थांबल्यामुळे फाइलही पुढे सरकली. पुढच्या थंडीत परवानगी आली.

काकांकडे विमान उडवायचं लायसन्स नव्हतं, म्हणून पहिलं उड्डाण भालचंद्र रणदिवे यांनी केलं. हवाई दलातून निवृत्त झालेले, धिप्पाड, कमी बोलणारे. मोहरी फुलली होती. विमान शेतावरून दोन चकरा मारून उतरलं. काका पट्टीच्या कडेला पोटावर आडवे झाले होते, म्हणजे चाक टेकताना नीट दिसेल.

"जरा डावीकडे ओढतंय. बाकी ठीक," रणदिवे उतरून म्हणाले.

"आणि मागचं चाक?"

"का, काय झालं मागच्या चाकाला?"

"काही नाही," काका म्हणाले आणि कपड्यांवरचं गवत झटकू लागले.

आणखी बरीच उड्डाणं झाल्यावर दुसऱ्या माणसाला बसवायची मुभा मिळाली. रणदिव्यांच्या वजनात काकांचं वजन मिळवलं की विमान निघू शकत नव्हतं. मावशीचं मिळवलं की निघत होतं. मावशी गेली. काका आणि मी शेडपाशी उभे राहिलो. विमान लहान होत गेलं. काकांनी थर्मासचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. चहा मात्र घेतला नाही.

ती उतरली तेव्हा तिचे केस सगळे सुटले होते.

"उतरताना कसं वाटलं? चाक टेकलेलं कळलं?" काकांनी विचारलं.

"मी खाली बघतच नव्हते रे," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून शेडपर्यंत चालत गेली. ती असा हात सहसा धरत नसे.

दर शनिवारी ती वर जाऊ लागली. काकांनी भात आणि बटाटा सोडला, पण त्यांचं वजन सावकाश उतरणारं होतं. ते पुरेसं उतरलं तोवर चौधरीने जमीन एका बिल्डरला विकली. विमान लांबच्या एका क्लबकडे हलवायचं ठरलं. तिथे ते उडवतच न्यायला हवं होतं. पुढे रणदिवे, मागे काका. मावशी आणि मी हत्यारांची पेटी घेऊन कारने निघालो.

आम्ही ट्रॅफिकमधून पोचलो तेव्हा रणदिवे निघून गेले होते आणि काका विमानाच्या सावलीत बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते त्यात बसून उडाले होते.

"कसं होतं?" मावशीने विचारलं.

"वर काही कामच नसतं ग," काका म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आपलं घर दिसलं. गच्चीत तुझ्या साड्या वाळत होत्या."

"खरंच दिसल्या?"

"निळी दिसली."

क्लबची धावपट्टी डांबरी होती, काचेसारखी सपाट. काका त्यावरून जरा चालून आले, बुटाने दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, की इथे हे चाक आपल्याला पुरून उरेल. मग मावशीने डबा उघडला आणि आम्ही तिघं जेवलो.