घरच्या माणसाचा भाव

त्याला सगळे टकटक म्हणायचे. फरशी बसवणारा माणूस. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांत गुडघ्यांवर वावरला आणि कुणाच्याही घरी गेला की खुर्चीवर टेकण्याआधी वाकून बोटाच्या पेराने फरशी वाजवून बघायचा. खाली सिमेंट नीट भरलं असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर पोकळ. पोकळ आला की तो नुसती मान हलवायचा आणि घरमालकाच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. लग्न ठरवायला गेला तेव्हा सासऱ्याच्या घरातही त्याने हेच केलं होतं. सासरा त्यावर महिनाभर घुश्शात होता. बायको अजून चिडवते.

असा हा माणूस, ज्याला फरशीखालची पोकळी चालता चालता कळायची, त्याला स्वतःचं घर केवढ्याला पडलं हे दोन वर्षं कळलं नाही. म्हणजे आकडा माहीत होता. साडेचव्वेचाळीस लाख. तो त्याला स्वस्त वाटत होता, एवढंच.

स्वस्त का वाटत होता, तर बिल्डर ओळखीचा. अकरा वर्षं त्याने या बिल्डरच्या इमारतींत फरश्या घातल्या होत्या. बिल्डर त्याच्या खांद्यावर हात टाकून पाहुण्यांना सांगायचा, "हा आमचा घरचा माणूस." या एका वाक्यावर टकटक हरभऱ्याच्या झाडावर चढून बसला होता. घर घेतल्यावर जिन्यात, नाक्यावर, नातेवाइकांत त्याने एकच टेप लावली होती. "आम्हाला काय, घरच्या माणसाचा भाव मिळाला. बाहेरच्याला पन्नासच्या खाली देत नाही तो."

घर घ्यायला गेले त्या दिवशी बायको बरोबर होती. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. बिल्डरने आकडा सांगितल्यावर ती पुढे सरकून "अहो साहेब, पण," एवढंच बोलली होती, तर टकटकने टेबलाखालून तिचा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाला, "भाजी घ्यायला आलोय का आपण? माझी काही इज्जत आहे तिथे." ती गप्प बसली. आणि हप्ता भागेना म्हणून पुढच्याच महिन्यापासून कारखान्यात जादा पाळी करू लागली. सहाला सुटायची ती नऊला सुटू लागली. रोज तीन तास, दोन वर्षं. बोटांची पेरं सुजून तिला सकाळी वेणी घालता यायची नाही, लेक घालून द्यायची.

तर झालं असं. एका शुक्रवारी संध्याकाळी इमारतीतले लोक पार्किंगमध्ये जमले होते. पाण्याची मोटर जळाली होती, वर्गणी काढायची होती. सगळ्यांनी सारखी द्यायची की घराच्या किमतीप्रमाणे, यावर वाद सुरू झाला. टकटकच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर मागाहून राहायला आलेला औषधवाला म्हणाला, "किमतीप्रमाणे कशाला? मधल्या सगळ्या फ्लॅटांची किंमत सारखीच आहे की. आम्ही एक्केचाळीसला घेतलं. तुमचंही तेवढंच असणार." आणि त्याने टकटककडे बघितलं.

टकटक हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्याचे कान तापले. तीच दिशा, तेवढ्याच खोल्या, तीच खिडकी, फक्त एक मजला खाली, आणि साडेतीन लाख कमी! वर्गणीचं काय ठरलं ते त्याला नंतर आठवेना.

घरांच्या भावाची एक गंमत आहे. माणसं पगार लपवतात, दुखणी लपवतात, घरातली भांडणं तर दारं लावून करतात. पण घर किती स्वस्तात पाडलं हे सांगायला त्यांच्या जिभेला नुसती खाज सुटलेली असते. विचारायचा अवकाश! टकटकला हे माहीत होतं आणि त्याच्याकडे विचारायचा बहाणाही होता. शनिवारी संध्याकाळी बायको कारखान्यात असताना तो रबरी हातोडी घेऊन निघाला. "दोन वर्षं झाली, फरश्या एकदा वाजवून बघतो. फुकट," असं म्हटल्यावर दार कोण लावून घेणार?

तळमजल्यावर एक नवं जोडपं होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात वाकून ठोकता ठोकता त्याने सहज विचारलं. नवरा म्हणाला, "साडेचाळीस." लगेच बायको आतून ओरडली, "चाळीस! वरचे पन्नास हजार मीच कमी करून घेतले. तू तर तिथे मांजर झाला होतास." दोघं हसले. टकटकने फरशीवर हातोडी जरा जोरातच मारली. औषधवाल्याने सांगितलं की तो तीनदा उठून जिन्यापर्यंत गेला होता आणि तीनही वेळा बिल्डरनेच माणूस पाठवून परत बोलावलं. हे सांगताना त्याने उठून जाण्याचा सगळा अभिनय करून दाखवला. दारापर्यंत गेला, चपला घातल्या, मागे वळून बघितलं नाही. टकटकला त्याच्या त्या चपला हिसकावून खिडकीबाहेर फेकाव्याशा वाटल्या.

शेवटी समोरच्या मास्तरांचं घर. मास्तर सज्जन माणूस. टकटकने विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एक्केचाळीसच," ते म्हणाले. "तुम्हाला कळलं वाटतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही पहिल्याच आठवड्यात जिन्यात सांगत होता ना, साडेचव्वेचाळीस, घरच्या माणसाचा भाव. तेव्हा इथे होते त्या सगळ्यांनीच ऐकलं. तुम्ही एवढे खूश होता, आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार?"

दोन वर्षं! दोन वर्षं अख्खी इमारत त्याच्या फुशारक्या ऐकून घेत होती, मान डोलवत होती आणि दार लावून मागे हळहळत होती. किंवा हसत होती. हसले असते तरी चाललं असतं, पण ही सज्जनांची दया त्याला सोसवेना. तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तरांचा धड निरोपही न घेता तो बाहेर पडला. चूक मास्तरांची काय होती? काही नव्हती. पण रागाला तेवढं कुठे समजतं.

घरी येऊन तो स्वयंपाकघरात उभा राहिला. इथली फरशी त्याने स्वतः घातली होती, घर विकत घेण्याच्याही चार महिने आधी, मजुरीवर. फरशी पांढरी, तिच्यात करड्या रेघा. रेघा प्रत्येक तुकड्यात वेगळ्या. एरवी खोक्यातून निघेल ती फरशी उचलायची आणि बसवायची, दीड दिवसात स्वयंपाकघर संपवायचं. इथे त्याने तीन घरांची खोकी फोडली, सगळ्या फरश्या भिंतीशी उभ्या करून बघितल्या आणि रेघेला रेघ जुळवत गेला. उंबऱ्यापासून खिडकीखालच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ न तुटता जाते. चार दिवस लागले. हे घर आपण घ्यायचं, हे त्याने तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

रविवारी सकाळी तो बिल्डरच्या ऑफिसात गेला. रविवारी गिऱ्हाइकं येतात म्हणून ऑफिस उघडं असतं. बिल्डर नव्या इमारतीचा नकाशा पसरून बसला होता. त्या इमारतीतल्या नमुन्याच्या फ्लॅटच्या फरश्या सोमवारपासून टकटकच घालणार होता.

"ये ये," बिल्डर म्हणाला. "उद्याचं सामान बघायला आलास का?"

"माझ्याकडून साडेतीन लाख जास्त का घेतले?" टकटकने उभ्यानेच विचारलं.

बिल्डरने आधी इकडचं तिकडचं काढलं, बाजार, सिमेंट, वेळ. टकटक हलला नाही. मग बिल्डर खुर्चीत मागे रेलला. तो घाबरला नाही, ओशाळला नाही, हेच सगळ्यात वाईट होतं.

"खरं सांगू? तू त्या स्वयंपाकघरात चार दिवस घातलेस. बाकी सगळीकडे दीड. सुपरवायझरने मला येऊन सांगितलं, मी स्वतः जाऊन बघितलं. गिऱ्हाईक घर बघायला आलं की मी त्याच्या तोंडाकडे बघतो, कळतं किती ताणेल ते. तुझ्या तोंडाकडे बघायची मला गरजच पडली नाही. तू ते घर सोडणार नव्हतास."

"अकरा वर्षं काम केलं मी तुमच्याकडे. घरचा माणूस म्हणता मला."

"मग? बोलायचंस की. मी आकडा सांगतो तो कमी करण्यासाठीच सांगतो. बाकीचे भांडले, रुसले, उठून गेले. मी तीन-साडेतीन सोडायच्या तयारीनेच बसलो होतो. तुझी बायको बोलायला लागली होती. तूच तिला गप्प केलंस. मी बघितलं."

टकटकच्या तोंडून मग जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिल्डरच्या आईवडिलांचा त्यात दोष नसताना उल्लेख झाला. बाहेर बसलेलं गिऱ्हाईक उठून निघून गेलं, एवढं मात्र चांगलं झालं. "तुमच्या नव्या इमारतीत पाय ठेवला तर नाव बदलेन," असं म्हणून त्याने दार आपटलं आणि थेट घर गाठलं.

घरी लेक बाहेर गेली होती. बायको स्वयंपाकघरात खाली बसून कोमट पाण्याच्या पातेल्यात बोटं बुडवून बसली होती. रविवारचा तिचा हा एवढाच आराम. टकटकने तिच्यासमोर बसकण मारली आणि सुरुवात केली. बिल्डर कसा चोर, लबाड, रक्तपिपासू. औषधवाला एक्केचाळीस, जोडपं चाळीस, मास्तर एक्केचाळीस. साडेतीन लाख कसे लुबाडले. ती ऐकत होती.

"लुबाडले म्हणजे? का म्हणून घेतले विचारलंत ना? काय म्हणाला तो?"

इथे टकटक अडखळला. फरशीचं सांगितलं, चार दिवसांचं सांगितलं. तिथेच थांबता आलं असतं. बिल्डर काही तिला सांगायला येणार नव्हता. चोर म्हणून बिल्डर पुरेसा होता, नवराबायकोने मिळून त्याला जन्मभर शिव्या घातल्या असत्या. पण ती सुजलेली बोटं पाण्यात होती आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

"तो साडेतीन सोडायला तयार होता," तो म्हणाला. "म्हणाला, तुझी बायको बोलायला लागली होती, तूच तिला गप्प केलंस."

तिने बोटं पाण्यातून काढली. पदराला पुसली, एकेक करून.

"मी एक्केचाळीस म्हणणार होते," ती म्हणाली. "माझ्या बाजूच्या मशीनवर बसते तिच्या भावाने त्याच बिल्डरकडे घेतलं होतं. मी तिला चार दिवस विचारून विचारून भंडावलं होतं. काय बोलायचं ते पाठ करून आले होते. पहिला शब्द बोलले आणि तुम्ही हात दाबलात."

"मला काय माहीत, तो असा..."

"तो तसाच आहे. ते सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत होतं." तिचा आवाज चढला नव्हता, आणि बावीस वर्षांत त्याला तिची इतकी भीती कधी वाटली नव्हती. "दोन वर्षं मशीनवर मान मोडून मी मनाला सांगत आले, घर महाग असतं, काय करणार. घर महाग नव्हतं. तुमची इज्जत महाग होती. साडेतीन लाख म्हणजे माझ्या जादा पाळीची सहा वर्षं होतात, कळतंय का? मी बोलले असते तर मी रोज सहाला सुटले असते!"

"अगं, राग मलाही आलाय..."

"तुमचा राग बिल्डरवर आहे. माझा बिल्डरवर नाही. तो परका माणूस, त्याचा धंदा केला त्याने." ती उठली. पातेलं मोरीत रिकामं केलं. "उद्यापासून मी सहाला सुटणार. ती इज्जत तुमची होती, तिचा हप्ता तुम्ही भरा."

 

सोमवारी बिल्डरचं काम गेलेलंच होतं. दिवसभर त्याने चार ठेकेदारांचे उंबरठे झिजवले तेव्हा दिवसाचं काम मिळालं, आणि संध्याकाळसाठी बाजारापलीकडच्या एका लॉजच्या न्हाणीघरांच्या फरश्या. सहा ते नऊ. जुन्या फरश्या उखडायच्या, कचरा तीन मजले खाली न्यायचा, नव्या घालायच्या. अशी कामं त्याने पंधरा वर्षांपूर्वीच पोरांवर सोपवली होती. मुकादमाने मजुरी सांगितली तेव्हा तो भांडला, पंचवीस मिनिटं भांडला, घसा बसेपर्यंत भांडला आणि थोडी वाढवून घेतली.

नऊ वाजून गेल्यावर तो घरी आला तेव्हा त्याचे गुडघे धरले होते. भिंतीला हात लावत लावत तो आत आला. बायको केस विंचरून बसली होती, लेकीशी काहीतरी बोलत होती. तिने उठून त्याचं ताट वाढलं. तो खाली बसेपर्यंत थांबली. बसताना तो कण्हला ते तिने ऐकलं.

"किती तास झाले?" तिने विचारलं.

"तीन."

"अजून चार वर्षं," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.