समोरच्या काकांचा बल्ब

आर्णीत आमच्या समोर राहणारे काका कुणाकडे गेले की आधी माणसाला नाही, दाराच्या चौकटीला भेटतात. तिच्यावर बोटाने टकटक करतात, कान लावतात आणि वाळवी नसल्याची खात्री पटली की मगच विचारतात, "बसू काय?" चहासुद्धा कपाट भिंतीपासून सरकवून घेतल्याशिवाय पीत नाहीत.

पावसाळ्यात एखाद्या दमट संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी उडायला लागली, की त्यांची आरोळी गल्लीभर फिरते. "लाईट बंद करा हो! उधई उडून राह्यली! मंग मले सांगू नका!" गल्ली निमूट अंधारात बसते. काकांच्या अंगणातला बल्ब मात्र लख्ख जळत असतो.

परवा मी तावातावाने जाब विचारायला गेलो. बल्बखाली पाण्याने भरलेली परात होती, तिच्यात पाखरांचा खच पडला होता आणि शेजारी खुर्ची टाकून काका टकलावरचे पंख झटकत होते. पाखरं निघत होती त्यांच्याच कुंपणालगतच्या वारुळातून.

"काका, ते वारूळ खणून काहून नाही टाकत?"

"आन नागपंचमीले गल्लीतल्या बायांनी पूजा कायची करावी? तुमच्या घरूनही तं येतात ना लाह्या! येऊ द्या पाखरं सगळी माह्याकडे. माह्या चौकटीले काई होत नाई."

मला पटावं म्हणून त्यांनी स्वतःच्या चौकटीवर टकटक केली. बोट सरळ आत गेलं.

ते तसंच आत ठेवून काकांनी विचारलं, "तुमच्या घरचा लाईट बंद केला ना?"