अभ्रकाच्या खाणीतला काळा दगड

कर्जतजवळच्या वस्तीवरची राहीबाई विहिरीच्या कामावर पाट्या वाहायची. सुरुंग उडाला की बाकीच्या बाया सावलीला टेकायच्या, ही मात्र ढिगाऱ्यात हात घालायची. फुटलेल्या खडकाच्या पोटात कधी पांढरे, कधी फिकट हिरवे स्फटिक निघत. ती ते पदरात बांधून आणी, धुऊन ओसरीच्या कोपऱ्यात मांडी.

"दगडं खायची हायेत व्हय?" सासू बनुबाई विचारी. राहीबाई नुसती हसे.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात गोठ्यापुढं चिखल झाला. तिचा नवरा सहादू टेम्पो चालवायचा. त्यानं घाईघाईत कोपऱ्यातले सगळे दगड उचलले, घणानं फोडले आणि चिखलात दाबून टाकले. कामावरून आलेल्या राहीबाईनं ते चमकणारे तुकडे पाहिले. ती भांडली नाही. पण जेवायला वाढताना "घ्या" यापलीकडे तिच्या तोंडून शब्द निघेना. सहादूला ते फार जड गेलं.

दिवाळीनंतर तो कांदा घेऊन कुडाळकडं गेला. परतताना इंजिन तापलं, म्हणून एका बंद पडलेल्या अभ्रकाच्या खाणीपाशी थांबला. तिथल्या ढिगावर त्याला बोटाएवढा काळाकुळकुळीत दगड दिसला. अंगावर उभ्या बारीक रेघा, फणी फिरवल्यासारख्या.

"ह्याका सायब लोक टूरमलीन म्हणतत," खाणीचा राखणदार म्हणाला. "व्हयो तर घेवन जा."

घरी आल्यावर सहादूनं तो चुलीजवळ ठेवला. "तुज्यासाठी आणलाय."

राहीबाईनं भाकरीचं पीठ झटकलं, दगड उचलला, उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

"असला आपल्याकडं न्हाई निघत. कुठं घावला?"

कितीतरी दिवसांनी तिनं त्याला काही विचारलं होतं. सहादूनं सगळं सांगितलं.

"मग मला न्या की तितं."

पुढच्या खेपेला ती केबिनमध्ये शेजारी बसून गेली. राखणदाराला विचारून ढिगाशी उकिडवी बसली. पांढऱ्या गारगोटीत रुतलेल्या काळ्या कांड्या पाहून ती हरखून गेली. सहादू टेम्पोतल्या लोखंडी टॉमीनं दगड उलटवत होता.

"ह्यो घेऊ?"

"टोक मोडलंय. ऱ्हाऊ द्या."

मोजकेच दगड तिनं कांद्याच्या रिकाम्या गोणीत गुंडाळले. तिच्या लुगड्यावर अभ्रकाची चमचम चढली होती. घाट चढताना ती बोलायला लागली. शेळीच्या करडांचं, बनुबाईच्या गुडघ्याचं, मुकादमाच्या नव्या सुनेचं, सगळं साठलेलं. सहादूनं टेम्पो मुद्दाम हळू घेतला.