टकल्याचा विनोद

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, केस कापतात आणि बोलतात. यातलं पोटापाण्याचं काम कुठलं, हे त्यांनाही कधीकधी आठवत नसावं. विनोद रंगात आला की कात्री हवेतच थांबते. घाईतलं गिऱ्हाईक त्यांच्या दुकानाची पायरी चढत नाही. आणि विनोद तरी कसले, सगळे शिळे! तरी भाऊजी स्वतःला मोठे विनोदवीर समजत. पुरावा म्हणजे त्यांची लेक.

तिला आम्ही सगळे हसरीच म्हणतो. शाळा सुटली की ती दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि मधेच खदखदून हसायची. भाऊजींची जीभ थांबतच नसल्यामुळे तिचं हसू कुठल्या ना कुठल्या विनोदावर पडायचंच. मग भाऊजी हसायचे, मानेला कापड बांधलेलं गिऱ्हाईक हसायचं, गल्ल्यावर बसलेली मीही हसायचे. "बघा, माझ्या लेकीला विनोद कळतो," असं म्हणून भाऊजी मला टोमणा मारायचे.

मग शाळेतून तक्रारी यायला लागल्या. परीक्षेत हसते, रागावलं तरी हसते. ताईने दोन धपाटे घातले, त्यावरही हसली. एके दिवशी हसता हसता ती स्टुलावरून कोसळली. डोळे एका जागी खिळलेले, अंग ताठ. तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले आणि आम्ही दवाखान्याकडे धावलो.

बऱ्याच तपासण्या झाल्या. औषधं देऊन पाहिली, गुण आला नाही. शेवटी मेंदूच्या सर्जनबाईंनी आम्हाला एमआरआयचं चित्र दाखवलं. मेंदूच्या तळाशी जन्मापासूनच एक छोटी गाठ होती. कर्करोग नव्हे, पण तिच्यामुळे फिट यायची.

"कुणाला फिटमध्ये झटके येतात, हिला हसू येतं," बाई म्हणाल्या. "बारीक दुर्बीण आत घालून गाठीचा मेंदूशी असलेला संबंध तोडायचा."

"मग ती हसायची बंद होईल?" भाऊजींनी विचारलं.

"फिटचं हसू थांबावं, म्हणूनच तर ऑपरेशन. खरं हसू राहील, असं मला वाटतं."

"पण आजवरचं त्यातलं खरं कुठलं?"

बाईंनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. "ते या चित्रात नाही हो दिसत."

ऑपरेशनच्या आधी डोक्यावरचे थोडे केस काढायचे होते. भाऊजींनी नर्सकडे हट्ट धरला, मीच काढणार. मशीन लावलं आणि हसरीला हसू आलं. सवयीने भाऊजींचे ओठ फाकले आणि तसेच राहिले. हसावं की नर्सला हाक मारावी, त्यांना कळेना. मलाही कळेना. बाई म्हणाल्या होत्या ही फिट. कान म्हणत होते, ही तर आमची हसरी. भाऊजींनी मशीन खाली ठेवलं आणि उरलेले केस नर्सने काढले.

ऑपरेशन चांगलं झालं. काही दिवस हसरी खूप झोपायची आणि उठली की खायला मागायची. फिट आली नाही, म्हणजे हसूही आलं नाही. आनंद मानावा की रडावं, घरात कुणालाच समजेना. ताई देवाचे आभार मानायची आणि लगेच डोळे पुसायची. भाऊजी दुकानात मुके झाले. केस भराभर कापले जाऊ लागले, तर जुनी गिऱ्हाइकं घाबरली.

"भाऊजी, बोला हो काहीतरी," मी म्हटलं. "दुकान आहे का मौनव्रत?"

"काय बोलू? इतकी वर्षं मी कुणाला हसवत होतो? त्या गाठीला?"

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मात्र झाडू घेतला आणि खाली पडलेले केस गोळा करू लागले.

केस वाढले तसे ते सारखे करायला हसरी दुकानात आली. भाऊजींनी खुर्चीच्या हातांवर फळी टाकून तिला उंच बसवलं.

"बाबा, तो टकल्याचा सांग ना."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग चाचरत सांगितला. टकल्या म्हणतो, माझे केस थोडेच आहेत, अर्धेच पैसे घ्या. कापणारा म्हणतो, मी पैसे कापायचे नाही, शोधायचे घेतो.

हसरीने आरशात बघत नीट ऐकून घेतलं. "यात हसायचं काय?"

मला हसू फुटलं. भाऊजींचं तोंड मात्र एवढंसं झालं. "अगं, आधी तर पोट धरून हसायचीस!"

"त्याला नाही हसायचे मी. पोटात कसंतरी व्हायचं, खूप भीती वाटायची आणि हसू आपोआप यायचं. मी तुझ्याकडे बघायचे, थांबव म्हणून. तर तूपण हसायचास."

कात्री हवेत थांबली. या वेळी पुढे विनोद नव्हता.

"मला कळलं नाही गं," भाऊजी कसेबसे म्हणाले.

"मलापण नाही कळायचं. मला वाटायचं, सगळ्यांना असंच होतं. हसताना सगळेच घाबरतात."

भाऊजी तिचे केस विंचरत राहिले. कापायचं काही उरलं नव्हतं, तरी विंचरत राहिले. कुठे बघावं ते न कळून मी कोपऱ्यातलं तिचं स्टूल उचललं आणि खुर्चीला लागून ठेवलं.