रबरी चाकावरचं तेल

भूत, करणी, अंगात येणं — असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलो. बायको नवसाचा नारळ फोडायची, मी खोबरं खायचो, एवढाच माझा न् देवाचा संबंध. माझा धंदा लाऊडस्पीकरचा. मोटार फिरते ती करंटवर. नाही फिरली तर त्याला कारण असतं — वायर, रबर, कचरा, नाहीतर माणसाचा गाढवपणा. पाचवं कारण नसतं, असं मी चारचौघात छाती ठोकून सांगायचो.

आता एका गोष्टीचं कारण मला पंचेचाळीस वर्षांत सापडलं नाही, म्हणून लिहायला बसलो. चौथी शिकलेला माणूस आहे. नात हे टाइप करून तुमच्या मोबाइलवरच्या ग्रुपात टाकणार आहे. तिला सांगितलंय, माझे शब्द सुधरायचे नाहीत.

गाव जिंतूर तालुक्यातलं, बोरीपासून दोन कोस. नाव लिहीत नाही, भाऊबंद अजून तिथंच आहेत. पारावरून खाली उतरलं की डाव्या हाताला माझं घर. पुढच्या खोलीत सेट — एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि दोन रेकॉर्ड प्लेअर. दोन! तेव्हा आजूबाजूच्या गावांत कुणाकडं दोन नव्हते. बाकीच्यांच्या सेटवर एक गाणं संपलं की दुसरी रेकॉर्ड लावेपर्यंत वरात खांबासारखी उभी राहायची, हलगीवाला शिव्या द्यायचा. माझ्या सेटवर पहिलं गाणं संपायच्या आत दुसरं त्याच ठेक्यात हळूच आत शिरायचं. नाचणाराचा पाय मोडायचा नाही. याला आमी 'जोड' म्हणायचो. चारठाण्याकडचे लोक लग्नाची तारीख काढायच्या आधी मी मोकळा आहे का विचारायला यायचे.

पण ही जोड माझ्या डोक्यातली नव्हती. सुदामच्या डोक्यातली.

सुदाम माझ्यासोबत चौथीपर्यंत शाळेत. बौद्धवाड्यातला. पुढं जिंतूरला विहिरीच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं काम शिकला. मोटारीला नुसता हात लावून कुठं दुखतं ते सांगायचा. माझे दोन्ही प्लेअर त्यानंच मार्गी लावले. आत एक रबरी चाक असतं. मोटारीची दांडी त्या चाकाला फिरवते, चाक वरच्या, रेकॉर्डखालच्या चकतीला फिरवतं. सुदामनं एका प्लेअरच्या दांडीला चिकटपट्टीचा एक वेढा दिला. दांडी केसभर जाड झाली, चकती केसभर जोरात पळायला लागली.

"आता हिला बोटानं थोपवायचं, किश्या," तो म्हणाला. "पळणारीला थोपवता येतं. मागं पडणारीला ढकलता येत न्हाई. बैलाचं बी तसंच, माणसाचं बी तसंच."

"आन् बायकूचं?"

"त्ये वहिनीला इचार."

आतून गया — माझी बायको — म्हणाली, "आमच्या घरात मागं पडणारं कोन हाय ते साऱ्या गावाला म्हाईत हाय, भाऊजी." असं हसणं होतं आमच्या घरात.

मग मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, हे लोक अजून अभिमानानं सांगतात. पण बोलणं बंद झालं. पारावरून सुदाम गेला की माणसं खाकरायची. मी खाकरलो नाही. मी खाली बघायचो. तेव्हा मला वाटायचं, खाली बघणं म्हणजे चांगुलपणा.

पुढच्या साली एप्रिलात बाबासाहेबांची जयंती. संक्रांतीलाच मी सुदामला जबान दिली होती — सेट माझा, दोन्ही प्लेअर, जोड मीच लावणार. त्यांच्या वाड्यातल्या पोरीबाळींनी भोंगा बांधायच्या बैलगाडीला आठ दिवस आधी रंग दिला होता. जयंतीच्या चार दिवस आधी माझा थोरला भाऊ आला. उभ्या उभ्याच बोलला.

"सेट चाललाय म्हनं तिकडं?"

"जबान दिलीय, आण्णा."

"दे की. कोन न्हाई म्हनतंय? पर मंग आपल्याकडच्या लग्नात कुनी तुला बोलावलं न्हाई तर माझ्याकडं रडत येऊ नगं."

तो गेला. मी दिवसभर विचार केला, म्हणजे खरं तर केला नाही. संध्याकाळी सुदामच्या घरी जाऊन सांगितलं, "मोटार बिघडली रं. स्पीड धरंना. जोड काय लागत न्हाई."

माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान ते पकडता येणार नाही असं बोलतो. मी मोटारीचं खोटं बोललो, ते मोटारवाल्याला. त्याचं तोंड उजळलं.

"एवढंच व्हय? मला वाटलं दुसरंच कायतरी. उद्या सकाळी येतो, बघतो."

घरी आलो. प्लेअर तर चांगला. सकाळी तो येणार, हात लावणार न् सांगणार, किश्या, काहीच झालं नाही. मग? गया विहिरीवर गेली होती. कोनाड्यात तिची केसाच्या तेलाची बाटली होती — हिरवी, मोगऱ्याच्या वासाची. तिचे केस गुडघ्याला लागायचे, त्या तेलाचा तिला लय शौक. मी चकती उचलली, बोटावर तेल घेतलं आणि रबरी चाकाला लावलं. दोन्ही प्लेअरच्या. रबराला तेल लागलं की ते घसरतं, चकती मागं पडते. हेही मला सुदामनंच शिकवलं होतं.

सकाळी तो पिशवी घेऊन आला. रेकॉर्ड लावली, गाणं रडल्यागत निघालं. त्यानं चकती काढली, चाकाला अंगठा लावला. अंगठ्याकडं बघितलं. मग नाकाजवळ नेला.

गया चहा घेऊन दारात उभी होती. मोगऱ्याचा वास त्या खोलीत आम्हा तिघांनाही येत होता.

सुदामनं अंगठा धोतराला पुसला. घाई न करता पुसला. चकती जागेवर बसवली.

"घसरायलंय," तो म्हणाला. "बरं. ऱ्हाऊ दे."

चहा घेतल्याशिवाय गेला. आमच्या घरून तो असा कधी गेला नव्हता.

जयंतीला मिरवणूक माझ्या दारावरून गेली. रंग दिलेली बैलगाडी होती, वर भोंगा नव्हता. लोक टाळ्या वाजवत चालले होते. एक ठेका, शेवटपर्यंत एकच, जराही मागं-पुढं नाही. गया दारात उभी राहून बघत होती. मी आत भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. ती हिरवी बाटली कोनाड्यातून गेली, आणि त्या दिवसापासून त्या बाईनं केसाला तेल लावलं नाही. कसलंच नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, डोकं दुखतं.

आता पुढचं ऐका.

लग्नसराई सुरू झाली. मी दोन्ही चाकं स्पिरिटनं धुतली, वाळवली. पहिल्याच लग्नात जोड लावली. दोन्ही गाणी ठेक्याला ठेका लागून उठली... आणि दहा-बारा ठेक्यांत दुसरं मागं पडायला लागलं. बोट काढलं तरी मागं. ताल असा पांगला की हलगीवाला थांबून माझ्याकडं बघायला लागला. नवरदेवाचा मामा ओरडला, "किसनराव, घोडं दोन पायावर नाचतंय, तुमी त्याला तीन पाय लावायलाव का?"

हसला सगळा मांडव.

घरी आणून बघितलं. चकतीवर खडूची खूण केली, घड्याळ लावून मिनिटाचे फेरे मोजले. पंचेचाळीसच्या रेकॉर्डला पट्टी असलेल्याचे पंचेचाळीस आणि वर थोडे, दुसऱ्याचे बरोबर पंचेचाळीस. जसे पाहिजे तसेच. एकटा-एकटा वाजवला तर दोघंही इमानदार. जोड लावली की एक मागं. व्होल्टेज कमी असेल म्हणून जनरेटरवर लावून बघितलं. तेच. दोघांच्या जागा बदलल्या. तेच. पट्टीचा वेढा काढून नवा दिला. परभणीहून नवी रबरी चाकं आणली, मग एक मोटारच नवी आणून बसवली. जुनं असं त्या प्लेअरमध्ये काही ठेवलं नाही. तेच!

आणि तेव्हा चकती उचलून बघितलं तर नव्या चाकावर तेल. पुसट. बोटाला लागेल एवढं. वास मोगऱ्याचा.

घरात तेलाचा थेंब नव्हता, गोडंतेल सोडून. मला वाटलं, हीच लावते. दुसरं कोण? राग आला न् मी तिच्यावर हात उचलला. जन्मात एकदाच, पण उचलला. ती हलली नाही. डोक्यावरचा पदर खाली केला आणि माझा तोच हात धरून स्वतःच्या केसांवर ठेवला. केस कसले — वाळलेली कडब्याची पेंढी.

"हितं तेल न्हाई," ती म्हणाली, "तं तुमच्या चाकाला मी कुठून आनू? जावा, सुदाम भाऊजीला सांगा. तुमी लावलं म्हनून सांगा. मंग जाईल."

"मोटारीचा न् सांगन्याचा काय संबंध?"

"मला मोटारीतलं काय कळतंय? मला तुमच्यातलं कळतंय."

मी गेलो नाही.

चार-पाच वर्षं गेली. जोड लावायचं मी सोडून दिलं होतं. मग सुदामच्या पोरीचं लग्न निघालं. गया म्हणाली, "त्यानी न बोलावता सेट न्यायचा. न्हाई नेला तर मी डोक्यावर घेऊन जाईन." नेला. सुदाम "ये" म्हणाला, बस्. वाड्यातल्या म्हाताऱ्या बायका मला ऐकू जाईल असं म्हणत होत्या, "झाली वाटतं मोटार दुरुस्त!" वरातीत लोकांनी जोडीचा हट्ट धरला. मी हात लावला. दहा-बारा ठेके... आणि पांगली. तेवढ्यात शेजारून एक हात आला, एक बोट चकतीच्या कडेला टेकलं. सुदामचं. मागं पडणारी चकती ढकलता येत नाही, हे त्याचंच बोलणं. पण ती चकती पुढं आली. ठेका ठेक्यावर बसला आणि बसलेलाच राहिला, गाणं संपेपर्यंत. तीच चाकं, तोच करंट.

तो माझ्या कानाजवळ आला. "किश्या, मोटार चांगली हाय तुझी."

तेव्हा तोंड उघडायचं होतं. तो थांबला पण होता जरासा, माझ्याकडं बघत. मी म्हणालो, "हां... आज करंट चांगला हाय."

तो हसला आणि पाहुण्यांकडं गेला.

पुढं कॅसेटी आल्या, रेकॉर्ड मागं पडल्या. विद्यापीठाचं नाव झालं, तेव्हा सुदाम साऱ्या गावाला पेढे वाटत आला. मलाही दिला. मी खाल्ला. तेव्हाही बोललो नाही.

गया या पावसाळ्यात गेली. दोन महिने अंथरुणावर होती. रोज एकच विचारायची, "सांगितलं का वो?" शेवटी शेवटी तिला होणारा त्रास मला बघवेना. एक दिवस बाहेर जाऊन पारावर बसलो, तासाभरानं घरी येऊन सांगितलं, "सांगितलं. सुदाम हसला. म्हनला, जाऊ दे रं."

तिचं तोंड कसं झालं ते मला लिहिता येणार नाही. म्हणाली, "मंग आता माझ्या डोक्याला तेल लावा."

सुनेनं दुकानातून मोगऱ्याचं आणलं. मी लावलं. राहिले होतेच किती केस... पण बोटभर बोटभर घेऊन सगळ्यांना लावलं. तिनं डोळे मिटले होते. चौथ्या दिवशी गेली. खोट्यावर गेली. माझ्या.

सुदाम दहाव्याला आला होता. आता पोखर्णीला पोरीकडं असतो, काठी टेकत आला. म्हणाला, "वहिनीच्या केसाला तेल होतं म्हनं. पोरी सांगत व्हत्या. लय बरं वाटलं." मी मान हलवली. एवढंच.

तेरावं झाल्यावर माळ्यावरून दोन्ही प्लेअर खाली काढले. चाकं सुकून कडक झाली होती, ती टाकली. नातीनं शोधून नवी मागवली. मी हात साबणानं दोनदा धुतले, चाकं कोऱ्या फडक्यानं धरून बसवली. भर दुपार, दारं उघडी. जोड लावली. दहा-बारा ठेके. मग दुसरी मागं पडली. चकती उचलून बघितलं.

होतं.

कारण कुणाला कळत असेल तर सांगा. रबरातून काही सुटतं, म्हातारपणी नाकाला भास होतो — काहीही सांगा, मी ऐकून घेईन. पण ऐंशीच्या घरात आलेल्या माणसाला पोखर्णीपर्यंत एसटीत बसायची हिंमत होत नाही, त्याचं कारण शोधावं लागत नाही. ते मला माहीत आहे. सुदामची नात तुमच्यात आहे, असं माझी नात म्हणते. तिनं हे त्याला वाचून दाखवावं.

सुदाम, त्या दिवशी मोटार चांगली होती. चाकाला तेल मी लावलं होतं.

ते पहिलं माझं. नंतरचं कुणाचं, मला अजून कळालेलं नाही.