सन्माननीय कांदे

लासूर स्टेशनच्या आसपास जयंती असो, साखरपुडा असो की सरपंचाचा सत्कार, सूत्रसंचालनाला रत्नमाला मगरेच लागायची. एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं तर तो माणूस जेवायलासुद्धा थांबत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. त्यामुळं तिच्या तोंडून कुणाचं नाव कधी सुटलं नाही. सुटायचं ते तिचं स्वतःचं. आभार मानणाऱ्याला मंडपवाला आठवायचा, साऊंडवाला आठवायचा, ही मात्र नाही. ती हसण्यावारी न्यायची, पण मनाला लागायचंच.

याच माईकच्या जोरावर ती शिकली आणि संभाजीनगरला विद्यापीठात कांद्यावर पीएच.डी. करू लागली. यंदा संशोधक विद्यार्थ्यांची स्पर्धा जाहीर झाली. आपलं संशोधन चारचौघांना कळेल असं तीन मिनिटांत सांगायचं. पहिल्या शब्दाला घड्याळ सुरू, वेळ उलटली की बाद. पहिला येईल तो पुण्याला, राज्याच्या फेरीला. रत्नमालाला पुणं हवंच होतं. त्याहून जास्त हवं होतं ते हे, की एकदा तरी आपलं नाव दुसऱ्या कुणी माईकवरून पुकारावं.

तिची आई पारूबाई मार्केटात कांदे निवडायला जाते. लेक नेमकं काय शिकते हे तिला पाच वर्षांत उमगलं नव्हतं, तरी पांढरं पातळ नेसून ती सकाळच्या गाडीनं हजर झाली. सभागृहाच्या दारातच म्हणाली, "रत्ने, इथं तरी नावं घेत बसू नगंस. कडुबाच्या लग्नात तुझ्या नावांपायी नवरी उपाशी मरायली व्हती."

"नाय गं आई!"

"स्पर्धक क्रमांक अकरा!" परीक्षकांना ओळख कळू नये म्हणून इथंही नावाऐवजी आकडाच. रत्नमाला माईकसमोर आली. समोर सभागृह गच्च, बाजूला व्यासपीठावर शाली पांघरलेले पाच मान्यवर. त्यांना बघितलं मात्र, आणि जित्याची खोड उसळली. "आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आदरणीय सर्जेरावजी बनकर साहेब..."

पाचवं नाव घेतलं तेव्हा घड्याळातले लाल आकडे दिसले. जवळजवळ एक मिनिट गिळलं होतं. पोरं खिदळत होती, तिसऱ्या रांगेत पारूबाईनं कपाळावर हात मारला. पाठ केलेलं भाषण आता उरलेल्या वेळेत बसणं शक्यच नव्हतं.

पण वीज गेली, नवरदेव रुसला, पाहुणा उशिरा आला, अशा वेळा मारून नेलेली ही बाई. तिनं खोल श्वास घेतला.

"मंडळी, हे पाच मान्यवर मी उगाच ओळीनं नाही मांडले. समजा, हे पाच कांदे आहेत."

खिदळणारी पोरं पुढं सरकून बसली.

"सगळे कसे गोल, गरगरीत. पण यातला एक आतून सडायला लागलाय. कोणता?"

मग जो हशा फुटला! तो ओसरायच्या आत ती सुसाट सुटली. "बघून कळत नाही, दाबून कळत नाही. कळतं तेव्हा शेजारचे दोघंही गेलेले असतात. कांदे साठवायची अख्खी चाळ अशीच नासते. पण सडणारा कांदा आपल्या नाकाला कळायच्या कितीतरी आधी एक वायू सोडतो. माझं यंत्र तो हुंगतं आणि शेतकऱ्याला मोबाईलवर सांगतं, दादा, डाव्या कोपऱ्यातला काढ!"

बोलण्याच्या भरात तिचा हात व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्याकडं गेला. तिथं सर्जेराव बसले होते. तिचा शब्द संपायला आणि वेळेची घंटा वाजायला एकच गाठ पडली.

ती घामाघूम होऊन आईशेजारी बसली. सर्जेराव म्हणजे नाव मागंपुढं झालं तरी गाडी वळवून निघून जाणारा माणूस. आणि निकाल वाचायचा मान त्यांचाच.

पारूबाईला मात्र वेगळीच घाई. "म्हंजी मशीन नासका कांदा हुंगती व्हय? मग पाच वर्षं का नाय सांगितलं गं?"

सर्जेराव माईकशी आले. तिसरा क्रमांक झाला, दुसरा झाला. मग ते खाकरले. 

"व्यासपीठावरच्या माझ्या सन्माननीय कांद्यांनो," ते म्हणाले, आणि छप्पर उडेल असा हशा झाला. "मला कोपऱ्यातून काढायच्या आत सांगून टाकतो." त्यांनी चष्मा चढवला, यादीत आकड्यापुढचं नाव शोधलं आणि एकेक शब्द घोळवत पुकारलं, "पहिला क्रमांक... लासूर स्टेशनच्या सन्माननीय... रत्नमाला पारूबाई मोतीराम मगरे!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. रत्नमाला जागची हलेना. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलावलं; आपलं नाव पुकारल्यावर काय करायचं असतं, हे तिला माहीतच नव्हतं.

पारूबाईनं डोळे पुसत कोपरानं ढोसलं. "ऊठ की गं, तुलाच बोलवायलेत!"