दगडाबाईंची ग्रामसभा आणि परदेशातला फोन

दगडाबाई सरपंच झाल्या तेव्हा गावानं गृहीत धरलं होतं, की बाई सह्या करील आणि कारभार पुरुष बघतील. पण त्या दिवशी मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली आणि अवघं गाव त्यांच्याकडं बघतच राहिलं!

त्यांना सभेकडून एकच गोष्ट हवी होती. नांदूरघाटला सकाळी जाणारी एसटी. नात सायली बारावीला. उसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यानं ती चालत तिथल्या कॉलेजला निघे आणि वळणाआड जाईपर्यंत दगडाबाईंचा जीव टांगणीला लागे. मुलगा रामप्रसाद तर बजावून बसला होता, "एसटी आली तर कॉलेज. न्हाई तर यंदा लगीन." आगारातले साहेब म्हणाले होते, गावाचा एकमुखी ठराव आणा.

या गावात एकमुखी ठराव! सुंदरराव सरकारपक्षाचे, अमरसिंह विरोधातला. मारुती शेंदरी आहे, एवढ्यावरच दोघांचं एकमत. त्यात आदल्या दिवशी टीव्हीवर कुणा परदेशी अध्यक्षानं छाती ठोकून सांगितलेलं, की भारताची शेजारी देशाशी अणुबाँबवरची बोलणी सुरू झाली ती माझ्याच फोनमुळं. दिल्लीत गदारोळ झाला. मग गाव कसं मागं राहील?

"एका फोनवर नमलं तुमचं सरकार!" अमरसिंह उठला. "काकू, आधी निषेधाचा ठराव घ्या."

"कुनाचा फोन बे? आलाच न्हाई!" सुंदरराव गरजले. "वहिनी, आधी अभिनंदनाचा घ्या."

"आलता!"

"कावून, तू उचललता का?"

पार दणाणला. रामप्रसाद अमरसिंहाच्या मागं मुठी आवळून उभा. दोन्हीकडची माणसं उपरणी झटकून निघायच्या बेतात. बायांमध्ये बसलेली सायली ओठ चावत होती. माणसं उठली की सभा मोडली, आणि सभा मोडली की पोरगी बोहल्यावर!

त्यांनी पदर खोचला.

"दोनी ठराव घेते! पर आधी एसटीचा. त्याला ज्याची मानसं आधी हात वर करतील, त्याचा ठराव पयला."

मग अमरसिंहाचा हात सटकन वर गेला. सुंदररावांनी तर दोन्ही हात वर केले! मागं हातांचं रान उगवलं. डुलक्या घेणाऱ्या म्हाळूबाबांचा हात शेजाऱ्यानंच उचलून धरला. ग्रामसेवकांची लेखणी धावू लागली. विरोधात कोण? कोणीच नाही!

"आमी आधी!"

"मी तर दोन केले!"

"दोन हातांचं मत एकच असतंय, भाऊजी," दगडाबाई म्हणाल्या आणि बाया खळखळून हसल्या. "पयलं कोन ते तुमीच ठरवा, मग ठराव घेऊ." त्या मुलाकडं वळल्या. "रामप्रसाद, तुजा बी हात वर हाय बरं का."

रामप्रसादनं हाताकडं पाहिलं. तो अजून वरच होता.

एसटी आली. पहिल्या दिवशी नारळ कुणी फोडायचा यावर ती बराच वेळ अडली. शेवटी दगडाबाईंनी तो सायलीच्या हातात दिला. आतल्या बाकावर सुंदरराव आणि अमरसिंह शेजारी शेजारी बसून भांडत होते, फोन आलता की नव्हता. त्यांच्यापुढं खिडकीशी सायली. गाडी वळणाआड गेली तरी दगडाबाई तिथंच उभ्या होत्या, हॉर्न ऐकू येईनासा होईपर्यंत.